दुसरा ब्रेक

(मोटार ट्रेनिंग स्कूलला कुलूप लावून तिघं शिकवणीच्याच गाडीतून घरी निघाली आहेत. स्टिअरिंगवर ताई. बाजूच्या सीटवर, दुसऱ्या ब्रेकपाशी, वडील अण्णा. मागे धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी घरात त्याला बारक्याच म्हणतात.)

बारक्या : मी एवढंच म्हणतोय, उद्या सकाळी तुझ्या पोरीला गाडी शिकायला अण्णांबरोबर पाठवू नकोस.

ताई : आणि मी एवढंच म्हणतेय की हे तू बोलू नकोस.

बारक्या : का?

ताई : तू आहेस म्हणून.

बारक्या : हे कारण झालं?

ताई : तुझ्या बाबतीत पुरेसं आहे.

अण्णा : ताई, आरसा.

ताई : बघितला, अण्णा.

अण्णा : बघितला नाहीस. नुसती मान हलवलीस.

बारक्या : त्या दातांच्या डॉक्टरनं परवा गाडी शटरवर घातली ना, ताई, तेव्हा—

अण्णा : ब्रेक समजून त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणारा माणूस, पायाकडे लक्षच नाही त्याचं.

बारक्या : दाबला, मान्य. शिकाऊ आहे, दाबणारच. तेवढ्यासाठीच तर तुमच्या पायाशी हा दुसरा ब्रेक बसवलाय. तो का नाही लागला?

अण्णा : लागला.

बारक्या : शटरला टेकल्यावर लागला.

अण्णा : तू होतास गाडीत?

बारक्या : नव्हतो. बंपर मी काढला ना पण. पुढचा अख्खा आत गेलाय. वेळेत ब्रेक लागला असता तर एवढा आत जातो का?

ताई : आता हा बंपर बघून पंचांग सांगणार.

बारक्या : बंपर राहू दे. पॅड बघ. या गाडीचे ब्रेक पॅड दुसऱ्या गाडीच्या दुप्पट झिजतात. गाड्या सारख्या, रस्ते सारखे, शिकाऊ माणसंसुद्धा सारखीच. फरक फक्त बाजूला कोण बसतं त्याचा. दुसऱ्या गाडीत तू बसतेस, या गाडीत अण्णा.

ताई : पॅड कुणी बघितले?

बारक्या : मी.

ताई : म्हणजे झालंच मग.

बारक्या : काय झालं?

ताई : तू आणि बारकाईनं बघणं. स्वतःच्या बायकोचा वाढदिवस तुला शेजारी आठवण करून देतात.

बारक्या : त्याचा पॅडशी काय संबंध आहे?

ताई : संबंध तुझ्याशी आहे. तू कधी कुठली गोष्ट धड केलीस? कंप्यूटरचा क्लास अर्ध्यात. दुकान अर्ध्यात. आणि इथे, या सीटवर, शिकवताना काय केलंस?

बारक्या : आलं. मी वाटच बघत होतो. निघाल्यापासून दोन सिग्नल झाले, अजून कसं आलं नाही म्हटलं.

ताई : येणारच. रात्रभर पत्ते कुटत बसलास आणि सकाळी या सीटवर चक्क घोरलास. चक्क. बाजूला शिकाऊ बाई, पुढे भिंत. तिचा हात मोडला.

बारक्या : मनगट.

ताई : मनगट हातालाच असतं. त्या दिवसापासून अण्णांनी तुला गाड्या धुवायला आणि ग्रीस लावायला ठेवलंय, ते काय उगाच? आणि तू आम्हाला सांगणार, दुसरा ब्रेक कसा दाबायचा? कुठल्या तोंडानं?

बारक्या : झोपलो होतो. खरं आहे. सगळंच्या सगळं खरं आहे. त्यानं अण्णांचा पाय लवकर पडतो का?

ताई : पुन्हा तेच.

बारक्या : तेच विचारतोय मी. दोन महिने झाले विचारतोय. मी पाय म्हणालो की तू माझं घोरणं काढतेस, पॅड म्हणालो की बायको काढतेस. बरं, मी नाहीच बोललो. समज, त्या पलीकडच्या दिव्याच्या खांबानं तुला सांगितलं की या गाडीचे पॅड झिजतायत. तर?

ताई : तर ऐकलं असतं. खांब झोपत नाही.

अण्णा : तिसऱ्यात घाल. किती वेळ दुसऱ्यात रडवतेस तिला.

ताई : घातला, अण्णा.

बारक्या : अण्णा, तुम्हीच सांगा. शाळेचा नियम काय आहे?

अण्णा : कुठला?

बारक्या : तुमचाच. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी सांगता तो.

अण्णा : चूक पायाची सांगायची, माणसाची नाही.

बारक्या : म्हणजे काय?

अण्णा : मला काय परीक्षा घेतोस? क्लच लवकर सोडला तर 'क्लच लवकर सुटला' म्हणायचं. 'तू बावळट आहेस' म्हणायचं नाही. बावळट म्हटलं की माणूस घाबरतो नाहीतर चिडतो, आणि क्लच आहे तिथेच राहतो.

बारक्या : आणि एका शिक्षकानं एका काकूंना 'म्हैस' म्हटलं तर?

अण्णा : त्याच दुपारी काढून टाकला त्याला मी.

बारक्या : मग ही निघाल्यापासून मला काय काय म्हणतेय?

ताई : मी तुला शिकवत नाहीये.

बारक्या : गाडीत तर आहोत ना?

अण्णा : हे बरोबर आहे. गाडीत गाढव म्हणायचं नाही कुणाला. घरी चालतं.

ताई : मी गाढव म्हटलंच नाही.

बारक्या : तेवढंच राहिलंय.

ताई : बरं, नियमानं बोलू. तुला ही सीट पाहिजे. खरं की खोटं?

बारक्या : हे नियमानं झालं?

ताई : खरं की खोटं?

बारक्या : खरं. पाहिजे. कंटाळा आलाय मला लोकांच्या चिखलानं भरलेली पायपुसणी झटकायचा. पण मला सीट पाहिजे म्हणून पॅड झिजत नाहीत, ताई. मी देव पाण्यात घालून बसलो तरी झिजणार नाहीत.

ताई : स्वार्थ आहे म्हणजे तुझा.

बारक्या : आहे ना. तुझा नाही? शाळेच्या बोर्डावर अण्णांचा फोटो आहे. लोक अण्णांना बघून येतात. अण्णा उठले तर उद्यापासून तुला बघून किती येतील? स्वतः लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली बाई—

अण्णा : बारक्या.

बारक्या : काय?

अण्णा : पाय सोडलास. माणसावर आलास.

बारक्या : ही मघापासून माणसावरच नाचतेय.

अण्णा : तिला पण सांगतोय. आणि काय रे, माझ्याबद्दल माझ्याच मागे बसून बोलतोस? मी काय सामान आहे का गाडीतलं? किती लोकांना शिकवलं मी या पायानं. तुला शिकवलं. सायकलवरून तीनदा नाल्यात पडलेल्या पोराला गाडी शिकवली, आणि तो माझा पाय मोजतो.

बारक्या : नाल्यात पडलो होतो, अण्णा. तेही खरं.

अण्णा : मग?

बारक्या : मग काही नाही. मी नाल्यात पडलेला, झोपलेला, क्लास सोडलेला. आणि तुमचा पाय उशिरा पडतो. दोन्ही एकदम खरं असू शकतं. हे एवढं साधं का शिरत नाही कुणाच्या डोक्यात?

ताई : आवाज खाली.

बारक्या : आवाज खाली केला की तू ऐकतेस? मागच्या महिन्यात हळू सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, तू भांडी लावत होतीस. 'हळू बोलतोयस म्हणजे पैसे हवे असणार' म्हणालीस.

ताई : हवेच होते.

बारक्या : ते नंतर मागितले.

अण्णा : ताई, ट्रकपासून अंतर ठेव.

ताई : ठेवलंय.

बारक्या : काही होऊ नये म्हणून तर बोलतोय मी. पोरीचं शिकाऊ लायसन्स आलंय. कालपासून उड्या मारतेय, आजोबांकडून शिकणार म्हणून. पहिल्या दिवशी ती काय करेल? तेच करेल जे डॉक्टरनं केलं. आपण सगळ्यांनी केलंय. समोर शटर असेल तर बंपरवर निभावेल. समोर माणूस असला तर?

ताई : तू अभद्र बोलू नकोस माझ्या मुलीबद्दल.

बारक्या : माझी भाची आहे ती.

ताई : भाचीची एवढी काळजी, तर तिच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला का नाही आलास?

बारक्या : धन्य आहे. ताई, तू ना धन्य आहेस.

ताई : काय चुकीचं बोलले?

बारक्या : काहीच नाही. तू एक वाक्य चुकीचं बोलत नाहीस. मी सांगतोय घरात वायर जळतेय आणि तू मला सांगतेस, तुझ्या शर्टाला बटण नाही. नाहीये बटण. बरोबर आहे तुझं.

अण्णा : आता दोघंही गप्प बसा. मला डोकं आहे, त्यात कळ येतेय.

ताई : अण्णा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. उद्या सकाळी ठरल्याप्रमाणे तुम्हीच शिकवायचं तिला. मला तुम्ही शिकवलंत, तिलाही तुम्हीच. हा जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट काढत आलाय, याचं काय ऐकायचं. स्वतःला जमलं नाही की—

बारक्या : ताई, कुत्रं.

ताई : —बघितलं.

बारक्या : थांब, थांब, थांब.

ताई : थांबले. थांबली गाडी.

बारक्या : गेलं का?

ताई : गेलं. पलीकडे गेलं, शेपूट हलवत.

अण्णा : ब्रेक.

बारक्या : थांबलीय गाडी, अण्णा.

अण्णा : हो. दिसतंय मला. थांबलीय.

ताई : कडेला घेते जरा.

अण्णा : इंडिकेटर दे.

ताई : दिलाय.

बारक्या : मी काही बोललेलो नाहीये.

ताई : बोलू नकोस. अण्णा, तुम्ही दाबलात?

अण्णा : दाबला की.

ताई : कधी?

अण्णा : दाबला म्हणतो ना. कुत्रं दिसलं, दाबला.

ताई : दोन्ही पेडलं एकाच सळीला जोडलेली आहेत, अण्णा. तुम्ही तुमचं दाबलं की माझं माझ्या पायाखालून आपोआप खाली जातं. मी शिकत होते तेव्हा माझा पाय पोचायच्या आत पेडल गेलेलं असायचं. दर वेळी. मला कितीतरी दिवस वाटायचं, गाडीलाच कळतं पुढे काय आहे ते.

अण्णा : सांगायचीस तू आईला. गाडी शहाणी आहे म्हणून.

ताई : आत्ता नाही गेलं. सगळं मी एकटीनं दाबलं. गाडी थांबली, आणि मग पायाखाली थोडंसं हललं. मग.

अण्णा : दिसलं होतं गं मला. तुझ्या आधी दिसलं. डोळे चांगले आहेत माझे. पण पायाला सांगितलं आणि तो निघेपर्यंत... पूर्वी सांगायला लागायचंच नाही त्याला.

बारक्या : कधीपासून?

अण्णा : तुझे पॅड झिजायला लागले तेव्हापासून. शिकाऊ माणूस असला की मी पाय आधीच ठेवतो पेडलवर. हलकासा टेकवून. म्हणजे निघायला वेळ नको. दिवसभर टेकलेला असतो, म्हणून झिजतात.

बारक्या : आणि डॉक्टरच्या वेळी?

अण्णा : गुडघा दुखत होता. जरा लांब केला होता पाय. जरासाच.

ताई : मग आत्ता का नव्हता टेकवलेला?

अण्णा : तू चालवतेस तेव्हा नाही ठेवत. तुझ्यावर भरवसा आहे.

बारक्या : मी विचारलं होतं, अण्णा, पॅड का झिजतात म्हणून. तुम्ही म्हणालात, तू पॅड चोर बाजारातनं आणतोस.

अण्णा : म्हणालो होतो.

बारक्या : सगळ्यांसमोर म्हणालात.

अण्णा : तू बरोबर होतास. दुसरं काय म्हणणार?

ताई : मला ऐकायचंच नव्हतं, अण्णा. हा सांगत होता ते चांगलं झालं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकावं लागलं असतं. याला काय, तोंडावर चार गोष्टी फेकल्या की विषय संपतो.

बारक्या : सापडला एकदाचा माझा उपयोग.

ताई : तुम्ही या सीटवरून उठलात की घरी बसाल. आई बसायला लागली ती खिडकीपाशी, आणि मग तिथून उठलीच नाही. मला ते बघायचं नाहीये पुन्हा. म्हणून. बाकी पॅड आणि बंपर मला काय कळत नाही?

अण्णा : रडू नकोस. स्टिअरिंगवर बसून रडायचं नाही. डोळ्यांपुढे काच धूसर होते.

ताई : गाडी उभी आहे.

अण्णा : तरी.

बारक्या : ताई, पाणी घे. मागे बाटली आहे.

ताई : तू अजून आळशीच आहेस, बारक्या.

बारक्या : आहे.

ताई : आणि खोटं बोलतोस.

बारक्या : बोलतो. हे खोटं बोललो नव्हतो.

ताई : हं.

अण्णा : उतर, बारक्या.

बारक्या : कुठे?

अण्णा : पुढे ये. मी मागे बसतो.

ताई : अण्णा, असं लगेच नको. घरी जाऊन बोलू.

अण्णा : घरी गेलो की आपण माणसांवर बोलतो. आत्ता पायाचं चाललंय, तर पायाचंच होऊ दे. दार धर माझं. गुडघा.

बारक्या : हळू. डोकं सांभाळा.

अण्णा : मागून काय दिसतं रे तुला? सगळ्या सीटांच्या पाठीच दिसतात.

बारक्या : मधे सरका थोडं. मग रस्ता दिसतो.

अण्णा : बस. सीट पुढे घे, तुझे पाय आखूड आहेत. ताई, पुढे त्या बंद कारखान्याचं मैदान आहे ना, तिथे घे. पहिल्या गिअरात भिंतीकडे जा. सावकाश. आणि ब्रेक दाबायचा नाही.

ताई : दाबायचाच नाही?

अण्णा : पाय पेडलवर ठेव. दाबू नकोस. हा दाबेल.

ताई : आणि हा झोपला तर?

अण्णा : तर तूच दाब आणि उद्यापासून त्याला पायपुसण्यांकडे पाठव. झोपला होता ते मला माहिती आहे. मीच काढला त्याला. त्या दिवशीचं त्या दिवशी झालं. आज पाय कसा पडतो ते बघायचंय.

बारक्या : अण्णा, तुम्ही 'थांब' म्हणणार का?

अण्णा : मी काही म्हणणार नाही. माझ्यावर विसंबलास तर भिंत आलीच म्हणून समज.

ताई : निघू?

अण्णा : नीघ.

ताई : बारक्या, भिंत आहे.

बारक्या : दिसतेय. सरळ ठेव.

ताई : जवळ आली.

बारक्या : अजून नाही. तू चालव.

ताई : बारक्या, मी दाबू का— अरे.

अण्णा : आलं?

ताई : आलं.

अण्णा : कधी?

ताई : माझ्या आधी.

अण्णा : परत. आता डावीकडे वळताना. त्याला सांगू नकोस कुठून वळणार.

ताई : हं. वळतेय. आलं. अण्णा, आलं. अगदी तसंच.

अण्णा : तसंच म्हणजे?

ताई : तुमच्यासारखं. गाडीला कळतंय तसं.

बारक्या : शिकवलं कुणी?

अण्णा : सायकलवरून नाल्यात पडणाऱ्याला शिकवलंय. सोपं नव्हतं. आता तिला फोन कर, ताई. उभ्या गाडीतून कर. उद्याचं तिला आजच कळलं पाहिजे, नाहीतर सकाळी माझ्यासमोर तोंड पाडून बसेल.

ताई : थांबा. लावते. — हॅलो, अगं, ऐक. उद्या सकाळी आजोबा नाही, मामा येणार तुला शिकवायला. — मामा. — हो, तोच. दुसरा मामा कुठून आणू मी? — हो, झोपला होता. माहिती आहे. — मीच सांगितलं होतं तुला, हो. हसत हसत सांगितलं होतं. — नाही, ते खरंच आहे. — अगं, खोटं नव्हतं सांगितलं. पण आत्ता मी गाडी भिंतीकडे घेतली होती आणि त्याचा पाय माझ्या आधी पडला. दोनदा. — मी सांगतेय म्हणून नको ऐकूस. उद्या तुझ्याच पायाला कळेल. — आजोबा? आहेत ना. मागे बसलेत. — विचारते. अण्णा, ती विचारतेय, तुम्ही उद्या येणार का गाडीत?

अण्णा : येणार म्हणावं. मागे बसणार.

ताई : येणार म्हणतात. — मागे बसून काय करणार?  कोण जाणे. तूच विचार त्यांना घरी. — ठेवते. तयार राहा सकाळी. सपाट चपला घाल.

बारक्या : ताई.

ताई : काय?

बारक्या : तिला तूच का नाही शिकवत?

ताई : मी शिकवलं तर पहिल्या चौकात तिला तिच्या वडलांवरून बोलेन. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते. चल, निघते. अण्णा, नीट बसलात ना?

अण्णा : बसलो. नीघ. आरसा.

ताई : बघितला.

अण्णा : हं. या वेळी बघितलास.

बारक्या : अण्णा.

अण्णा : काय रे?

बारक्या : माझ्या सीटला मागून तुमचा पाय लागतोय. दाबताय तुम्ही.

अण्णा : पुढे स्पीडब्रेकर आहे.

ताई : तो अजून केवढा लांब आहे, अण्णा.

अण्णा : माहिती आहे. म्हणून आत्ताच दाबला.